परदेशी वैमानिक परवाना आणि सुरक्षा पडताळणी : खानदेशातील वाचकांचे प्रश्न

धुळ्याजवळ गोंदूर, शिरपूरजवळ तांडे आणि जळगावचा विमानतळ अशा तीन ठिकाणी शिकाऊ विमाने उडत असल्यामुळे आपल्याकडे कापसात निंदणी करणाऱ्या बायाही आता मान वर करून "पोरगं शिकतंय" असे म्हणतात. त्या पोरांपैकी काहींना पुढचे शिक्षण परदेशात घ्यायचे असते. या सदराकडे गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे त्याच वाटेवर लागणाऱ्या एका टप्प्याबद्दल होती. परदेशी नागरिक म्हणून आपल्या मुलांची जी सुरक्षा पडताळणी होते तिच्याविषयी घरोघरी भीती फार आणि नेमकी माहिती थोडी आहे, असे ही पत्रे वाचताना जाणवले. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझ्या मुलाने अमेरिकेतील एका उड्डाण शाळेत प्रवेश घ्यायचे ठरवले आहे. विमानाला हात लावण्याआधी बोटांचे ठसे द्यावे लागतील आणि सरकारकडून तपासणी होईल, असे शाळेने कळवले. ते ऐकून त्याचे आजोबा विचारतात, "मन्हा नातूनी काय चोरी करेल शे का?" त्यांना काय सांगावे?
— एक पालक, साक्री

उत्तर : आजोबांचा प्रश्न रास्त आहे, कारण आपल्याकडे बोटांचे ठसे म्हटले की पोलीस ठाणे आठवते. हा नियम कशातून आला ते त्यांना सांगावे, म्हणजे त्यांच्या मनातील अपमानाची भावना बरीच कमी होईल.

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत ज्यांनी प्रवासी विमाने पळवून इमारतींवर आदळवली, त्यांच्यातील विमान चालवणारे अमेरिकेतल्याच शाळांमध्ये, फ्लोरिडा आणि ॲरिझोना राज्यांत, रीतसर शुल्क भरून उड्डाण शिकले होते. त्यांपैकी तिघांनी व्यावसायिक परवान्यापर्यंतचे शिक्षण पूर्ण केले होते. हल्ल्याच्या काही आठवडे आधी, ऑगस्ट २००१ मध्ये, मिनेसोटातील एका केंद्रात झकारियास मुसावी नावाचा एक विद्यार्थी आला. उड्डाणाचा अनुभव अगदी तुटपुंजा असूनही त्याला थेट बोइंग ७४७ च्या सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणाऱ्या यंत्रावर, शिकायचे होते. तेथील प्रशिक्षकांना हे खटकले, त्यांनी वर कळवले आणि त्याला अटक झाली. याउलट हल्ल्याला सहा महिने उलटल्यावर, मार्च २००२ मध्ये, मरून गेलेल्या दोन अपहरणकर्त्यांच्या विद्यार्थी व्हिसाची मंजुरीपत्रे ते जेथे शिकले त्या शाळेच्या पत्त्यावर येऊन पडली. एका खात्याची माहिती दुसऱ्याला नव्हती आणि शाळेला विचारणारे कोणी नव्हते, हे त्यावरून साऱ्या देशाला दिसले. आजची सारी व्यवस्था या दोन घटनांमधून उभी राहिली आहे, असे मी मानतो. शाळेने विद्यार्थ्याची खबर आधी द्यायची, सरकारने तो कोण आहे हे आधी पाहायचे आणि मगच त्याला विमानात बसवायचे.

नोव्हेंबर २००१ च्या विमान सुरक्षा कायद्याने ही जबाबदारी प्रथम तेथील न्याय खात्याकडे दिली. डिसेंबर २००३ च्या कायद्याने ती ट्रान्सपोर्टेशन सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे टीएसए, या संस्थेकडे गेली आणि सप्टेंबर २००४ मध्ये तिचे नियम निघाले. जवळजवळ वीस वर्षे ते तात्पुरते नियम म्हणूनच चालू राहिले. अंतिम नियम १ मे २०२४ रोजी प्रसिद्ध झाला आणि ३० जुलै २०२४ पासून लागू झाला. योजनेचे जुने नाव 'एलियन फ्लाइट स्टुडंट प्रोग्रॅम' होते, ते आता 'फ्लाइट ट्रेनिंग सिक्युरिटी प्रोग्रॅम' झाले आहे. जुन्या नावातला 'एलियन' हा शब्द कायद्याच्या भाषेत परका नागरिक एवढ्याच अर्थाचा असला तरी आपल्या मुलांना तो बोचत असे. तो गेला, हे बरे झाले.

तेव्हा आजोबांना सांगावे की हे ठसे आपल्या नातवाच्या वागणुकीवरचे मत नव्हे. जो जो अमेरिकेचा नागरिक नाही त्या प्रत्येकाला, मग तो जपानचा असो वा जर्मनीचा, याच दारातून जावे लागते. परदेशी मुलाला आपल्याकडे उड्डाण शिकायचे असेल तर त्यालाही आपल्या गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी लागते.

प्रश्न : माझ्याकडे भारतीय व्यावसायिक परवाना आहे. अमेरिकेत जाऊन तेथील व्यावसायिक परवाना आणि पुढे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट, म्हणजे एटीपी, परवाना घ्यावा असा विचार आहे. परवाना जितका वरचा तितकी तपासणी कडक, असे ऐकले. हे खरे का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : हा समज सर्वत्र आहे, पण नियमाची रचना तशी नाही. टीएसए परवान्याची पायरी मोजत नाही. त्या शिक्षणातून विद्यार्थ्याच्या हाती नवी कोणती क्षमता येते, तेवढेच ती पाहते. नियमात 'प्रशिक्षणाचे प्रसंग' ठरवून दिले आहेत. पहिलावहिला वैमानिक परवाना, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (रेटिंग म्हणजे परवान्यावर नोंदली जाणारी जादा पात्रता), मल्टी-इंजिन रेटिंग, विशिष्ट मोठ्या विमानाचे टाइप रेटिंग आणि ते टिकवण्यासाठी वेळोवेळी घ्यावे लागणारे उजळणी प्रशिक्षण, हे ते प्रसंग होत. ढगात, रात्री, बाहेरचे काही न दिसता केवळ उपकरणांवर विमान नेता येणे, एकाहून अधिक इंजिनांचे विमान हाताळता येणे आणि जड प्रवासी विमान चालवता येणे या तीन गोष्टींनी वैमानिकाच्या हाती मोठी क्षमता येते, हे लक्षात घेतले म्हणजे या यादीमागचा विचार उमगतो.

याचा परिणाम असा की एक-इंजिनी विमानावर केवळ व्यावसायिक परवान्याची किंवा प्रशिक्षक होण्याची तयारी करणे, हा वरकरणी मोठा टप्पा असूनही, या नियमाखाली स्वतंत्र प्रसंग ठरत नाही. त्याच शाळेत त्याच आठवड्यात आपण दोन इंजिनांच्या विमानावर रेटिंगसाठी बसलात तर मात्र तो ठरतो. एटीपीचे शिक्षण बहुतेक वेळा एखाद्या विमानाच्या टाइप रेटिंगला जोडून होते आणि तेव्हा टाइप रेटिंगमुळे आपण नियमाच्या कक्षेत येता. म्हणून शाळेशी बोलताना "मला एटीपी करायचे आहे" एवढेच सांगून थांबू नये. कोणत्या विमानावर, कोणते रेटिंग आणि कोणत्या क्रमाने, हे लिहून घ्यावे आणि यातील कोणत्या भागाची सूचना शाळा टीएसएला देणार आहे, ते लेखी विचारावे.

एटीपीबद्दल आणखी एक गोष्ट सुरक्षेच्या विषयाला लागून असल्याने सांगतो. अमेरिकेत पूर्ण एटीपीसाठी वय २३ वर्षे आणि १५०० तासांचे उड्डाण लागते. आपल्याकडे तास तेवढेच, पण वयाची अट २१ वर्षांची आहे. वयाची २१ पूर्ण केलेली मुले हा फरक न पाहता तेथे पोहोचतात आणि मग व्हिसाची मुदत व सुरक्षा मंजुरीची मुदत या दोन्ही वाट पाहण्यात खर्च होतात.

आपल्या भारतीय परवान्याच्या आधारे अमेरिकेचा परवाना मिळतो तो खासगी वैमानिकाचा, व्यावसायिक नव्हे. त्यासाठी तेथील विमान वाहतूक प्रशासन, म्हणजे एफएए, आपल्या डीजीसीएकडून, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, परवाना खरा असल्याची खात्री करून घेते. हा कागदोपत्री व्यवहार आहे, प्रशिक्षण नव्हे. त्यामुळे त्याला टीएसएची मंजुरी लागत नाही, मात्र त्यासाठी दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. शिवाय जानेवारी २०२५ पासून, ज्या अर्जदाराचा अमेरिकेत राहता पत्ता नाही त्याला एफएएची कायदेशीर कागदपत्रे आपल्या वतीने स्वीकारील असा तेथील एक प्रतिनिधी नोंदवावा लागतो. हे बंधन शिक्षण संपवून परत आल्यावरही राहते. परवाना खिशात घेऊन चोपड्याला परतलेल्या माणसालाही ते पाळावे लागते.

प्रश्न : आमचे घर केळीचे. मुलगा सुट्टीत बागेत राबतो. रेशन दुकानात त्याच्या आजीचा अंगठा उठत नाही, तसा त्याचाही तिकडे उठला नाही तर प्रवेश जाईल का? शिवाय त्याच्या नावाचे स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवर वेगळे आणि पासपोर्टवर वेगळे आहे.
— एक शेतकरी, रावेर तालुका

उत्तर : मला आलेल्या पत्रांत हे सर्वांत उपयोगी पत्र आहे, कारण मंजुरी अडते ती बहुधा अशाच दोन गोष्टींवरून. कुणी गुन्हेगार निघाला म्हणून अर्ज अडल्याची उदाहरणे त्या मानाने फार थोडी दिसतात.

आधी ठशांबद्दल. दहाही बोटांचे ठसे घेतले जातात आणि अमेरिकेतील गुन्हे अभिलेखांशी ताडून पाहिले जातात. ठसा वाचता आला नाही तर अर्ज नाकारला जात नाही, ठसे पुन्हा मागवले जातात. मात्र पुन्हा वेळ ठरवणे, पुन्हा जाणे आणि पुन्हा वाट पाहणे यांत दिवस जातात, आणि परदेशात राहण्याचा खर्च दिवसावर चालतो. केळीचा चीक कातडीवर किती काळा बसतो आणि कुदळ-विळ्याने बोटांची टोके कशी गुळगुळीत होतात, हे आपल्याला सांगायला नको. माझ्या ओळखीतला यावलकडचा एक मुलगा घड उतरवण्याच्या हंगामातून थेट विमानात बसला आणि तेथे पोहोचल्यावर त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचे ठसे काही केल्या स्पष्ट येईनात. काही दिवस हातांना विश्रांती देऊन, रात्री झोपताना साधे खोबरेल तेल चोळून तो परत गेला तेव्हा ठसे आले. आपल्या मुलाला निघण्याआधी तीन-चार आठवडे बागेच्या कामातून मोकळे करावे. कांदा आणि मिरचीची खुडणीही तेवढे दिवस नको. ठसे देताना हात धुऊन कोरडे असावेत, पण कातडी भेगाळलेली नसावी.

आता नावाबद्दल. अर्जात पूर्ण नाव तर लागतेच, पण आतापर्यंत वापरलेली इतर नावे आणि स्पेलिंगमधील फरकसुद्धा विचारले जातात. आपल्याकडे 'ज्ञानेश्वर'मधला 'ज्ञ' एका कागदावर 'डी-एन' असा, दुसऱ्यावर 'जी-वाय' असा लिहिलेला असतो. गुणपत्रिकेवर आडनाव पुढे येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर वडिलांचे नाव स्वतःच्या नावाला चिकटून बसते आणि काही जुन्या पासपोर्टांवर आडनावाचा रकाना चक्क रिकामा असतो. मुलींच्या बाबतीत लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलते. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, कारण माणूस एकच हे गावाला ठाऊक असते. पण जे यंत्र नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक जुळवून पाहते, त्याला ही दोन माणसे वाटतात.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. पहिला असा की निघण्याआधी, हाती वेळ असताना, पासपोर्ट हा मूळ कागद धरून बाकीचे जेवढे कागद त्याला जुळवता येतील तेवढे जुळवावेत, आणि राजपत्रात नावाची दुरुस्ती करावी लागली तर तीही करून घ्यावी. दुसरा असा की जे जुळले नाही ते लपवू नये आणि इतर नावांच्या रकान्यात प्रत्येक स्पेलिंग जसेच्या तसे लिहावे. या रकान्यात चार नावे लिहिली म्हणून संशय येत नाही. तो रिकामा ठेवला आणि मागाहून दुसरे स्पेलिंग सापडले, तर मात्र येतो.

त्याच अर्जात मागील पाच वर्षांचे सर्व पत्ते मागतात. आपली मुले अकरावीला जळगावला, बारावीच्या शिकवणीला लातूरला किंवा कोटाला, पुढे नाशिक-पुण्याच्या वसतिगृहात अशी फिरलेली असतात आणि अर्ज भरताना मात्र गावचा एकच पत्ता ठोकून देतात. महिन्यांसह सारे पत्ते आधीच एका वहीत लिहून काढावेत. जुना रद्द झालेला पासपोर्टही टाकून देऊ नये, कारण त्याचा तपशीलही विचारला जातो.

प्रश्न : एका सल्लागाराने 'सिक्युरिटी क्लिअरन्स पॅकेज' म्हणून दीड लाख रुपये मागितले आहेत. वर ओळख असल्याने काम लवकर होईल, असे तो म्हणतो.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : पैसे देऊ नका. २०२४ च्या नियमाप्रमाणे या पडताळणीचे शुल्क १४० डॉलर आहे आणि काही ठरावीक अर्जदारांसाठी ते १२५ डॉलर आहे. पूर्वी प्रत्येक प्रशिक्षणासाठी वेगवेगळे शुल्क भरून नवी पडताळणी करावी लागे. आता एकदा झालेली पडताळणी जास्तीत जास्त ५ वर्षे चालते. अमेरिकेत राहण्याची परवानगी त्याआधी संपली तर तीही आधी संपते. त्या मुदतीत शाळा बदलली किंवा पुढचे रेटिंग घेतले तर नवीन शाळेने टीएसएला त्या प्रशिक्षणाची सूचना द्यायची असते, पण विद्यार्थ्याला पहिल्यापासून सारे करावे लागत नाही. हा फरक ठाऊक नसलेल्या पालकांकडून आजही प्रत्येक रेटिंगमागे 'क्लिअरन्स'चे पैसे घेतले जातात, हे मला अनेक पत्रांतून दिसले आहे आणि त्याचा मनस्वी संताप येतो. मुलाच्या शिक्षणासाठी गहाण टाकलेल्या शेताचे ते पैसे असतात.

ओळखीने लवकर होणे हा प्रकार येथे नाही. कुणी तसे सांगत असेल तर तो एक तर खोटे बोलतो आहे किंवा आपला अर्ज स्वतः भरणार आहे, आणि दुसरी शक्यता अधिक घातक आहे. अर्ज मुलाने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ई-मेलवरून, स्वतः बसून भरावा. दुसऱ्याने अंदाजाने भरलेली एक तारीख पुढे पाच वर्षे आपल्या नावावर राहते.

प्रश्न : महाविद्यालयात असताना गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीतील भांडणात माझ्यासह नऊ जणांवर गुन्हा दाखल झाला. खटला अजून प्रलंबित आहे. मी अमेरिकेत उड्डाण शिकायला जाऊ शकेन का? ठसे तर अमेरिकेतच तपासतात, मग हे सांगायची गरज आहे का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : गरज आहे, आणि ती तीन ठिकाणी आहे.

पहिले ठिकाण आपला पासपोर्ट. भारतातील न्यायालयात फौजदारी खटला प्रलंबित असताना १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट नाकारता येतो. १९९३ च्या अधिसूचनेनुसार त्या न्यायालयाने परदेशी जाण्याची परवानगी दिली तर त्या परवानगीच्या मर्यादेत पासपोर्ट मिळतो. तेव्हा पहिले पाऊल अमळनेरच्या न्यायालयात, आपल्या वकिलामार्फत टाकायचे आहे.

दुसरे ठिकाण व्हिसाचा अर्ज. डीएस-१६० या अर्जात आपल्याला कधीही अटक झाली होती का किंवा शिक्षा झाली होती का, असा थेट प्रश्न आहे. आपल्याला अटक होऊन जामीन मिळाला असेल तर उत्तर 'हो' असेच लिहावे लागेल आणि सोबत प्रथम खबरी अहवाल, जामिनाचा आदेश व त्यांची इंग्रजी भाषांतरे ठेवावी लागतील. मिरवणुकीतल्या हाणामारीचा 'हो' मुलाखतीत समजावून सांगता येतो. खोटे 'नाही' उघडकीस आले तर अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती म्हणून कायमची प्रवेशबंदी होऊ शकते, आणि ते समजावून सांगण्याची संधी पुढे फारशी मिळत नाही.

तिसरे ठिकाण टीएसएची पडताळणी. ठसे हा तिचा एक भाग झाला. त्याबरोबर इमिग्रेशनची स्थिती आणि गुप्तवार्ता अभिलेख हेही पाहिले जातात. व्हिसाच्या अर्जात एक आणि येथे दुसरे, असे लिहिलेले लपत नाही. वाचकहो, मी हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. वेळीच कागद गोळा करून सरळ मार्गाने गेलेल्या मुलांना वाट मिळते. ज्यांनी हे लपवले, त्यांची वाट लपवण्यामुळे बंद होते.

याच ओघात सांगतो की डीएस-१६० अर्जात गेल्या पाच वर्षांतील समाजमाध्यमांवरची खाती विचारली जातात आणि जून २०२५ पासून विद्यार्थी व व्यावसायिक प्रशिक्षणाच्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांना ती खाती सर्वांना पाहता येतील अशी ठेवायला सांगितले आहे.

प्रश्न : माझा भाचा ग्रीन कार्डधारक आहे आणि त्याची बहीण तेथेच जन्मलेली आहे. दोघांना हौसेने उड्डाण शिकायचे आहे. त्यांनाही हे लागू आहे का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : भाच्याला लागू आहे, कारण ग्रीन कार्ड म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी, नागरिकत्व नव्हे. भाचीला पडताळणी नाही. तिने पासपोर्ट किंवा जन्मदाखला दाखवून नागरिकत्व सिद्ध करायचे आणि शाळेने त्याची नोंद ठेवायची, एवढेच. नुसता हौसेने एकदा प्रशिक्षकाबरोबर फेरफटका मारायचा असेल, ज्याला प्रात्यक्षिक उड्डाण म्हणतात, तर भाच्यालाही मंजुरी लागत नाही. वर्गात बसून हवामानशास्त्र किंवा नियम शिकायलाही ती लागत नाही.

प्रश्न : या कटकटीपेक्षा ऑस्ट्रेलिया किंवा जर्मनी सोयीचे पडेल का?
— एक विद्यार्थी, शहादा

उत्तर : देश जरूर निवडावा, पण त्याची कारणे वेगळी असावीत. पडताळणी तेथेही आहे, तिची जागा तेवढी बदलते. अमेरिकेत ती शिक्षण सुरू होण्याआधी येते. ऑस्ट्रेलियात परवाना वापरायचा असेल तर विमान सुरक्षा ओळखपत्र असावे लागते आणि त्यासाठी पार्श्वभूमीची तपासणी होते. ही ओळखपत्रे दोन प्रकारची आहेत. नियमित प्रवासी विमाने येतात अशा विमानतळांच्या सुरक्षित भागात वावरण्यासाठीचे ओळखपत्र २ वर्षांचे असते आणि नुसत्या परवान्यापुरते लागणारे ५ वर्षांचे. जर्मनीत २००५ च्या विमान सुरक्षा कायद्याच्या सातव्या कलमाखाली वैमानिकाच्या 'विश्वासार्हतेची' तपासणी होते आणि तिचा निर्णय ५ वर्षे चालतो. तेथे ती परदेशी माणसालाच नव्हे, तर जर्मन नागरिकालाही चुकलेली नाही. अमेरिकेबाहेर, भारताशेजारच्या एखाद्या केंद्रात बसून अमेरिकी परवान्यासाठी एफएएच्या नियमांखाली शिकत असलात तरी टीएसएचा नियम आपल्यामागे तेथवर येतो, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्न : मी एका विमान कंपनीत सहवैमानिक आहे आणि माझ्याकडे टाइप रेटिंग आहे. दुसऱ्या प्रकारच्या विमानाच्या रेटिंगसाठी अमेरिकेतील सिम्युलेटर केंद्रात जायचे आहे. मलाही महिनाभर थांबावे लागेल का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : बहुधा नाही. सर्वसाधारण अर्जदारासाठी, सर्व कागद व ठसे पोहोचल्यावर, टीएसए ३० दिवसांपर्यंत वेळ घेऊ शकते. ज्याच्याकडे आधीच टाइप रेटिंग आहे किंवा जो मान्यताप्राप्त सुरक्षा व्यवस्था असलेल्या परदेशी विमान कंपनीत आहे, अशांसाठी जलद प्रक्रिया आहे आणि तीत निर्णय कामकाजाच्या ५ दिवसांत अपेक्षित असतो. आपल्या रेटिंगचा पुरावा आणि कंपनीचे पत्र अर्जासोबतच जोडावे. सिम्युलेटर जमिनीला पक्का केलेला असतो म्हणून त्याला नियम नसेल, असे समजू नये. सिम्युलेटरवरचे उड्डाण प्रशिक्षणही नियमात येते.

प्रश्न : मुलीचा प्रवेश झाला आहे. शाळा संपूर्ण शुल्क आगाऊ मागते आहे. आम्ही विहिरीजवळची दोन एकर विकायला काढली आहे. मंजुरी मिळालीच नाही तर?
— एक आई, पाचोरा

उत्तर : ताई, शेताचा व्यवहार आठ-दहा दिवस थांबवता येत असेल तर थांबवा आणि पुढील क्रम एकदा पाहून घ्या.

शाळा परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्यास अमेरिकी सरकारकडून मान्यताप्राप्त आहे ना, हे आधी पाहावे. तशी शाळाच आय-२० हा प्रवेशाचा कागद देऊ शकते. त्यावर परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, म्हणजे सेविसचे, शुल्क ३५० डॉलर भरून मुंबईच्या वाणिज्य दूतावासात व्हिसाची मुलाखत होते. उड्डाण शाळांसाठी बहुधा एम-१ व्हिसा असतो, विद्यापीठाच्या पदवीसोबत शिकायचे असेल तर एफ-१. पर्यटक व्हिसावर हे शिक्षण घेता येत नाही, कुणी कितीही सांगितले तरी. एम-१ वर गेलेल्या मुलीला सहा महिन्यांनंतर, हाताबाहेरची कारणे सोडली तर, शाळा बदलता येत नाही आणि अभ्यासक्रम तर बदलताच येत नाही. म्हणून शाळेची निवड हाच खरा मोठा निर्णय आहे.

व्हिसा आणि टीएसएची मंजुरी हे दोन वेगळे दरवाजे आहेत. एक उघडला म्हणून दुसरा उघडतोच असे नाही. टीएसएचे उत्तर येण्याआधी शाळेने मुलीला ठरलेल्या प्रशिक्षणासाठी विमानात बसवले तर शाळाही नियमभंगात सापडते. यासाठी प्रत्येक शाळेला एक सुरक्षा समन्वयक नेमावा लागतो आणि नोंदी ५ वर्षे जपाव्या लागतात. त्या समन्वयकाशी मुलीने स्वतः ई-मेलवर बोलावे. पैसे भरण्याआधी शाळा कशी आहे ते त्याच्या उत्तरावरून बरेच कळते. नियम माहीत असलेला माणूस दोन ओळींत नेमके सांगतो. जेथे "त्याचे आमच्यावर सोडा" असे उत्तर येते, तेथे मी माझ्या मुलीला पाठवणार नाही.

पैशांबाबत शाळेकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. व्हिसा नाकारला तर किती रक्कम परत मिळेल, टीएसएने नाकारले तर किती मिळेल, आणि मंजुरीला उशीर झाला तर राहण्याच्या जागेचे भाडे कोण भरणार. टीएसएचे स्वतःचे शुल्क परत मिळत नाही, पण ती रक्कम लहान आहे. मोठी रक्कम शाळेकडे जाते आणि ती टप्प्याटप्प्याने, पहिला हप्ता व्हिसानंतर व पुढचे मंजुरीनंतर, अशी देण्याचा आग्रह धरावा. अनेक शाळा तो मान्य करतात. मान्य न करणाऱ्या शाळेसाठी विहिरीजवळचे शेत विकू नये. पासपोर्ट, गुणपत्रिका आणि आधार या तिन्हींवर मुलीचे नाव एकसारखे आहे का, ते आज संध्याकाळीच तिघींनी, म्हणजे आपण, मुलगी आणि तिची आजी, दिव्याखाली बसून अक्षर अक्षर लावून पाहावे.